वर्दीवरून परतल्यानंतरची दहा मिनिटं

राज्यातल्या महापालिका व नगरपरिषदांचे मुख्य अग्निशमन अधिकारी, केंद्र अधिकारी, आणि ज्यांच्या सहीने आमच्या केंद्रांचा कारभार चालतो ते आयुक्त व मुख्याधिकारी, यांस

सस्नेह नमस्कार.

कृष्णाकाठच्या एका अग्निशमन केंद्रावर मी 31 वर्षं नोकरी केली. फायरमन म्हणून लागलो आणि 2021 मध्ये केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आज मी कोणाच्या हाताखाली नाही आणि माझ्या हाताखालीही कोणी नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो आहे.

मागणी एकच आहे आणि लहान आहे, ती आधीच सांगतो. मरण पाहायला लावणाऱ्या वर्दीवरून गाडी परत आली, की ती पुन्हा तयार आहे असं कंट्रोलला कळवण्याआधी गाडीवरच्या माणसांना दहा मिनिटं द्या. तोंडी नको, लेखी आदेशाने द्या.

हे पत्र दलाबाहेरचेही लोक वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. वर्दी म्हणजे इथे गणवेश नव्हे. केंद्रावर घटनेची जी खबर येते तिला आम्ही वर्दी म्हणतो. फोन वाजतो, घंटा होते, आणि मिनिटभरात गाडी फाटकाबाहेर असते.

गाडी परत आल्यावर काय करायचं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. होज, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, उलगडून धुवायचे, वाळायला टांगायचे. टाकी भरायची. श्वसनयंत्राच्या बाटलीत किती हवा उरली ते बघून बाटली बदलायची. पंप चालवून बघायचा. दोर इंच इंच हातातून सोडत तपासायचा, कुठे पीळ सुटलेला दिसला तर तो दोर बाजूला काढायचा. मग डायरीत निघाल्याची, पोचल्याची, परतल्याची वेळ लिहायची. मी स्वतः या कामात फार कडक होतो. वाळू चिकटलेला होज गाडीवर चढवलेला दिसला तर माझा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. पण त्याच गाडीवरून उतरलेल्या पोराने आत्ता काय पाहिलं, तो घरी कसा जाणार आहे, हे बघायचा नियम माझ्याकडे नव्हता आणि मी तो केलाही नाही.

लोकांना वाटतं फायर ब्रिगेड म्हणजे आग. आमच्या भागात आगीपेक्षा पाणी जास्त माणसं नेतं. विहीर, कालवा, नदीचा डोह, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेततळं. शेततळ्याच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि पाण्यालगत त्यावर शेवाळ धरतं. पोहणारा गडीसुद्धा पोहत काठापर्यंत येतो आणि वर चढू शकत नाही, कारण बोटांना धरायला काही लागत नाही. आम्ही पोचतो तेव्हा त्या शेवाळावर बोटांच्या रेघा उमटलेल्या असतात. काठावर गाव जमलेलं असतं. आई असते, तिला चौघींनी धरलेलं असतं. आम्ही गळ टाकतो, नाहीतर कंबरेला दोर बांधून एकजण उतरतो. वरून सारखं विचारत असतात, "लागला का? लागला का?" लागला, हे सांगायचं काम आमचं असतं.

2007 च्या उन्हाळ्यात अशाच एका तळ्यातून मी एक नऊ वर्षांचा मुलगा वर आणला. त्याच्या अंगात माझ्या मुलाच्या शाळेचा गणवेश होता. त्या संध्याकाळी मी घरी गेलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा मित्रांबरोबर नदीवर पोहायला निघाला, तर मी त्याला मारलं. का मारलं ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही सांगता आलं नाही. पुढे मी त्याला कधीच पाण्यात उतरू दिलं नाही. शेकडो वेळा पुराच्या पाण्यात उतरलेल्या माणसाचा मुलगा आज मोठा झाला, नोकरीला लागला, आणि त्याला पोहता येत नाही. ही माझी चूक मी आता उघडपणे मान्य करतो, कारण अशा चुका प्रत्येक केंद्रातल्या घराघरांत चालू आहेत आणि त्यांची नोंद कुठल्याच डायरीत होत नाही.

आपल्याकडे मयताहून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवत नाही. दारात पाणी ठेवलेलं असतं. कुठे कडुलिंबाचा पाला चावायला देतात. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नसते, शेजारपाजार जेवण पाठवतो. या रीतींची कारणं कोणी काही सांगो, मला त्यात जुन्या माणसांचं शहाणपण दिसतं. मरण बघून आलेल्याला उंबऱ्यावर थोडं थांबवायचं, मग आत घ्यायचं. आमच्या नोकरीत हा उंबराच नाही. सकाळी विहिरीतून एकाला काढलं, दुपारी हायवेवर चेपलेल्या गाडीचा पत्रा कापून दोघांना काढलं, आणि संध्याकाळी रस्त्यावर पडलेलं झाड तोडायला गेलो, असे दिवस मी मोजलेले नाहीत. त्या झाडापाशी लोक विचारतात, "एवढा उशीर का झाला?"

आता ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो त्याची गोष्ट सांगतो. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला विचारून एवढंच लिहितो आहे.

तो माझा तांडेल, म्हणजे फायरमनांच्या वरचा, त्यांचा म्होरक्या. विहिरीत उतरावं तर त्यानेच. चाळीस-पन्नास फूट खोल, कडेचे दगड सुटलेले, खाली साप आहे की वायू आहे ठाऊक नाही, अशा ठिकाणी तो दोराला गाठ मारून "सोडा" म्हणायचा. 2011 च्या पावसाळ्यानंतर तो बदलला. विहिरीची वर्दी आली की त्याची पाठ धरायची. कधी चक्कर यायची. एकदा घंटा झाल्यावर तो संडासातून बाहेरच आला नाही आणि मला नव्या पोराला खाली सोडावं लागलं. पोरं कुजबुजू लागली, तांडेल भ्यायला लागला. मीही तसंच समजलो. शिस्तीचा प्रश्न होता. तिसऱ्या वेळी मी त्याला कारणे दाखवा नोटीस काढली. त्याने खुलासा दिला, सहा शब्दांचा: "चूक झाली. पुन्हा होणार नाही. क्षमस्व." मी शिफारस केली आणि त्याची एक वेतनवाढ रोखली गेली. ती नोंद त्याच्या सेवापुस्तकात लाल शाईने झाली.

मग 2019 चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती, आणि आम्ही सगळे दिवसरात्र बोटींवर होतो. कपडे अंगावरच वाळत होते. चौथ्या दिवशी एका वस्तीवरून आम्ही बायका-पोरं काढत होतो. एक बाई तान्हं घेऊन बोटीत बसली. पोर पाण्यात पडू नये म्हणून तिने पदराने ते स्वतःच्या पोटाशी घट्ट बांधून घेतलं. इंजिनावर तांडेल होता. त्याने ते बघितलं आणि त्याचे हात थरथरायला लागले. त्याला दोरी ओढून इंजिन सुरू करता येईना. मी पुढे झालो आणि बोट काठाला लावली.

रात्री निवारा केंद्राच्या शाळेच्या पायरीवर तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि बोलला. 2011 मधली ती विहीर. आई आणि लेकरू. तिने लेकराला पदराने बांधून घेतलं होतं. तो खाली एकटा होता. गाव वर वाकून बघत होतं. दोघांना तसंच वर आणलं तर तिच्या सासरमाहेरच्यांनी, सगळ्या गावाने ते पाहिलं असतं, म्हणून त्याने छातीभर पाण्यात उभं राहून ती गाठ सोडवली. "भिजलेली गाठ होती साहेब, लवकर सुटेना." मग एकेकाला वर पाठवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी दोराचं वरचं टोक माझ्या हातात होतं. मी आठ वर्षं त्या विहिरीच्या काठावर उभा होतो आणि मला ठाऊक नव्हतं. पुढे जुनी डायरी काढून बघितली. माझ्याच अक्षरात एक ओळ आहे: दोन मृतदेह बाहेर काढून पोलिसांच्या ताब्यात दिले, गाडी सुस्थितीत परत.

पूर ओसरल्यावर मी त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन गेलो. पहिल्या दोन वेळा बाहेरच्या बाकावर बसून राहिलो, नंतर तो एकटा जायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हा भित्रेपणा नाही, याला नाव आहे, याला उपचार आहेत. मोठ्या आघातानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणं, तेच चित्र पुन्हा पुन्हा दिसणं, दचकणं, हे शरीराचं स्वाभाविक वागणं असतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना उलटूनही ते तसंच राहिलं, माणूस ती जागा, तो रस्ता, तसलं काम टाळायला लागला, रागीट झाला, दारूकडे वळला, तर मात्र डॉक्टर लागतो. त्याला वर्षभर उपचार लागले, बोलण्याचेही आणि गोळ्यांचेही. आता तो झोपतो. त्याच्या बायकोने मला सांगितलं की कैक वर्षांनी तो रात्री दिवा मालवून झोपला.

पीळ सुटलेल्या दोराला आपण कामचुकार म्हणत नाही. बाजूला काढतो, दुरुस्त होण्यासारखा असेल तर करतो. मी माणसाला नोटीस काढली.

आता त्या दहा मिनिटांकडे येतो. कारण "पोरांच्या मनाची काळजी घ्या" असं म्हणून पत्र संपवलं तर उद्या एखादं व्याख्यान ठेवाल, हार-तुरे होतील आणि विषय मिटेल.

गाडी आत आली, इंजिन बंद. केंद्रावरच्या दुसऱ्या माणसाने फोन धरायचा. गाडीवरच्यांनी आधी अंगावरचा डगला, बूट उतरवून हात, तोंड, मान साबणाने धुवायची. याचं आणखी एक कारण आहे. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामाला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, म्हणजे पुरावा पक्का आहे असं म्हटलं. काजळी नाकातून जाते तशी कातडीतूनही जाते. आम्ही तेच कपडे घालून मोटारसायकलवर घरी जायचो आणि ते लेकरांच्या कपड्यांत धुवायला पडायचे. तेव्हा केंद्रात गरम पाणी, साबण, बदलायला एक जोडी कपडे आणि डगले धुवायचं यंत्र ही चैन समजू नका. हा आमचा उंबरा आहे.

मग चहा. चहा हातात असताना, जो त्या वर्दीचा प्रमुख होता त्याने चार वाक्यं बोलायची. काय झालं, कोणी काय केलं, आपल्या हातात काय होतं आणि काय नव्हतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नव्या पोराला रात्रभर वाटत राहतं की आपण दोन मिनिटं आधी पोचलो असतो तर. त्याला जाणत्या माणसाने तिथेच सांगायला हवं, की वर्दी यायच्या आधीच अर्धा तास झाला होता. एवढं एक वाक्य मला 2007 मध्ये कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आणि श्वास. श्वसनयंत्राची बाटली जास्त वेळ पुरावी म्हणून आपण प्रशिक्षणात हळू श्वास घ्यायला आणि त्याहून हळू सोडायला शिकवतो. तेच बाटली उतरवल्यावर करायचं. चार आकडे मोजत आत, सहा-आठ आकडे मोजत बाहेर, दहा-बारा वेळा. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके खाली येतात, हे शरीरशास्त्र आहे. पोरं सुरुवातीला लाजतील. तुम्ही स्वतः त्यांच्यात बसून केलंत तर लाजणार नाहीत.

काय करू नका तेही सांगतो, कारण चांगल्या हेतूने हीच चूक आधी होईल. सगळ्यांना एका खोलीत बसवून, बाहेरून आणलेल्या समुपदेशकासमोर प्रत्येकाला "तू काय पाहिलंस, तुला काय वाटलं" हे सक्तीने बोलायला लावू नका. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये अशी पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे तिच्यावर अभ्यास झाले. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2002 च्या आढाव्यात दिसलं की आघातानंतर लगेचच्या अशा एका बैठकीने नंतरचा आजार टळत नाही, आणि एका अभ्यासात तर अशा लोकांना वर्षभरानंतर जास्त त्रास झालेला आढळला. ज्याला गप्प राहायचं आहे त्याला गप्प राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत तीनच गोष्टी सांगते: बघा, ऐका, जोडून द्या. कोण नेहमीसारखा वागत नाही ते बघा. बोलला तर मधे न तोडता ऐका. आणि जास्त लागत असेल तर योग्य माणसाशी जोडून द्या.

हे बघणारा माणूस केंद्रातलाच असावा. अनुभवी तांडेल किंवा चालक, ज्याच्याजवळ पोरं तंबाखू मळत बसतात असा. त्याला चार दिवसांचं साधं प्रशिक्षण द्या. गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारी मात्र हा माणूस नसावा. माझा तांडेल आठ वर्षं माझ्याशी का बोलला नाही? कारण त्याचा अहवाल मी लिहीत होतो. सेवापुस्तकात "मानसिक" हा शब्द आला की बढती गेली, चालकाचं लायसन्स गेलं, पोरीच्या सोयरिकीत बोलणं झालं, अशी धास्ती प्रत्येकाला असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हे कलम छापून हजेरी-गणतीच्या जागी लावा. त्याच्याशेजारी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा नंबर लावा. ही सरकारी सेवा 2022 पासून आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. नंबर लावला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. फोन उचलायचं बळ देणारा माणूस शेजारी लागतो.

तुम्ही विचाराल, त्या दहा मिनिटांत दुसरी वर्दी आली तर? तर निघायचं. इतकी वर्षं निघालोच आहोत. फक्त ती दहा मिनिटं उधारीवर राहिली हे लक्षात ठेवायचं आणि परत आल्यावर द्यायची.

झोपेबद्दल थोडं अधिक बोलतो, कारण छोट्या केंद्रांत आजही माणसं कमी म्हणून सलग चोवीस तास ड्युटी लागते आणि बदली आला नाही की छत्तीस. 17 ते 19 तास सलग जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे ज्याला पोलीस अडवून गाडीवरून खाली उतरवतील, त्या अवस्थेत आपण माणसाला बंबाच्या चाकामागे बसवतो आणि सकाळी मोटारसायकलवरून घरी पाठवतो. रात्रीची मोठी वर्दी झाली असेल तर सकाळी जवानाला केंद्रातच दीड तास झोपू द्या आणि मग सोडा. पहाटे तीननंतरचा चहा-कॉफी टाळायला सांगा, त्याने घरी गेल्यावर झोप लागत नाही. झोपायची खोली अंधारी करा, जाड पडद्याला फार पैसे लागत नाहीत.

आणि हृदय तपासा. अमेरिकेत ड्युटीवर मरण पावणाऱ्या अग्निशामकांपैकी जवळपास निम्मे हृदयविकाराने जातात, ज्वाळांनी नव्हे. झोपेतून दचकून उठणं, लगेच धावणं, पाठीवर पंचवीस-तीस किलो, समोर धग. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा नवी मुंबईहून मदतीला गेलेला आपल्या दलाचा एक अधिकारी तो डोंगर चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, ईसीजी एवढं तरी सक्तीचं करा. तणाव डोक्यात राहतो असं वाटतं, पण तो रक्तवाहिन्यांत साठत असतो.

अधिकाऱ्यांनो, यात तुम्हीही आलात. 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत आपण चार अधिकारी गमावले, त्यात मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. आपल्या खात्यात अधिकारी मागे उभा राहून हुकूम सोडत नाही, आत जातो. पोरांच्या देखत आपण ढासळायचं नाही हे आपण इतकं शिकलो, की घरीही ढासळता येत नाही. मी बायकोला एकतीस वर्षांत एका वर्दीबद्दलही नीट सांगितलं नाही. तिला वाटायचं मी तिच्यावर चिडलोय. घरी सगळा तपशील सांगायची गरज नाही. "आज वाईट वर्दी होती, थोडा वेळ मला गप्प बसू दे," एवढं सांगितलं तरी घरच्यांना कळतं की राग त्यांच्यावर नाही. हे वाक्य मला निवृत्तीनंतर सुचलं. तुम्ही आजच वापरा.

कंत्राटी जवानांना यातून वगळू नका. पुष्कळ नगरपरिषदांत अर्धी गाडी ठेक्यावरच्या पोरांनी भरलेली असते. त्यांना रजा मागायची भीती, कारण उद्या बोलावलं नाही तर काय. विहिरीत उतरताना मात्र कोणी विचारत नाही की तू कायम आहेस की ठेक्यावर. तसेच ते गणवेशाशिवायचे. आमच्याबरोबर नदीत बुड्या मारणारी भोई-कोळ्यांची पोरं. 108 रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि पायलट, म्हणजे तिचे चालक. आपत्तीत मदतीला येणारे प्रशिक्षित स्वयंसेवक, आपदा मित्र. डोंगरातले गिर्यारोहक. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली आणि 30 जण गेले, तेव्हा त्या दरीत दोर लावून उतरलेले ट्रेकर्स आपापल्या दुकानांतून, शेतांतून आलेले होते आणि काम संपल्यावर तसेच परत गेले. त्यांच्यासाठी ना डायरी, ना केंद्र. घटनास्थळी तुम्ही अधिकारी असाल तर तुमच्या दहा मिनिटांच्या चहात त्यांनाही बसवा.

दर वर्षी 14 एप्रिलला आपण छातीला फीत लावून उभे राहतो. 1944 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा भरलेली फोर्ट स्टायकिन बोट फुटली आणि दलाचे 66 जण गेले. त्यांना मानवंदना देताना माझे डोळे प्रत्येक वेळी भरून आले आहेत. पण गोदीतली आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती. म्हणजे वाचलेले जवान दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच धक्क्यावर उभे होते, सोबत्यांना शोधत, हातात होज धरून. येत्या 14 ते 20 एप्रिलच्या सप्ताहात शाळांना प्रात्यक्षिकं दाखवाल, सिलिंडर विझवून दाखवाल, ते करायलाच हवं. त्या सात दिवसांतली एक दुपार केंद्राचं फाटक लावून घ्या आणि आतल्या माणसांसाठी ठेवा. त्याच दुपारी दहा मिनिटांच्या आदेशावर सही करा.

माझा तांडेल पुढच्या मे अखेर निवृत्त होतोय. ती लाल शाईची नोंद त्याच्या सेवापुस्तकात अजून आहे आणि रोखलेल्या वेतनवाढीचा फरक त्याच्या पेन्शनमध्ये जन्मभर दिसणार आहे. नोटीस माझ्या सहीची होती, म्हणून ती मागे घ्यावी असा अर्ज मीच कार्यालयात दिला आहे. सोबत डॉक्टरांचं पत्र, 2011 च्या डायरीच्या पानाची प्रत आणि माझा लेखी जबाब जोडला आहे. दोनदा चौकशी केली. फाइल टेबलावर आहे असं कळलं. मे महिन्याच्या आत त्यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अग्निशमन केंद्र अधिकारी